मागे वाकण्याच्या आसनांतील साम्य व भेद : महाराष्ट्रातील योगग्रंथांची एक चिकित्सा

प्रस्तावना

योगाभ्यास आज शाळा, महाविद्यालय आणि ग्रामपंचायतीच्या आवारापर्यंत पोहोचला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. त्यानंतर आसनांची नावे घरोघरी परिचित झाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने योगासनांना स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिल्याने आसनाच्या अचूकतेला गुणांचे मोलही प्राप्त झाले. अशा वेळी एक साधा प्रश्न पुढे येतो. दिसावयास जवळजवळ सारखी असणारी दोन आसने एकमेकांपासून कशी ओळखावीत, आणि त्यांतील भेद सांगण्यास आपले योगग्रंथ कितपत समर्थ आहेत?

हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने जाणवतो तो मागे वाकण्याच्या, म्हणजे पाठीची कमान करावयाच्या आसनांच्या बाबतीत. भुजंगासन, ऊर्ध्वमुख श्वानासन, सर्पासन, शलभासन, मकरासन, धनुरासन, उष्ट्रासन, चक्रासन व सेतुबंधासन ही नावे वेगवेगळी असली तरी भिंतीवरील तक्त्यात त्यांतील काहींची चित्रे परस्परांत सहज मिसळून जातात. याच्या उलट, एकाच नावाखाली दोन भिन्न ग्रंथांत दोन सर्वस्वी भिन्न आकृती आढळतात. पहिली अडचण डोळ्यांची आहे, दुसरी परिभाषेची. अध्यापनात मात्र दोन्ही एकत्रच समोर उभ्या राहतात.

प्रस्तुत लेखात ‘घेरंडसंहिता’ व ‘हठप्रदीपिका’ हे संस्कृत ग्रंथ, स्वामी कुवलयानंद यांचा ‘आसने’ हा १९३१ सालचा ग्रंथ आणि बी. के. एस. अय्यंगार यांचा १९६६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेला व मराठीत ‘योगदीपिका’ या नावाने परिचित असलेला ग्रंथ यांतील वर्णनांची तुलना केली आहे. हे दोन्ही आधुनिक ग्रंथकार महाराष्ट्रात राहून कार्य करणारे होते. लोणावळा आणि पुणे ही त्यांची दोन केंद्रे परस्परांपासून फार दूर नाहीत. त्यांच्या वर्णनपद्धतींतील अंतर मात्र पुष्कळ आहे.

खानदेशचा संदर्भ

या विषयाचा खानदेशाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करण्यापूर्वी ते अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शैक्षणिक कार्यात होते व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायामविद्या शिकले, तर नर्मदातीरावरील मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योग. शिक्षक, व्यायामपटू आणि योगी ही तिन्ही अंगे त्यांच्या लेखनात दिसतात. वर्गात उभे राहून चाळीस मुलांना एकच क्रिया शब्दांनी समजावून सांगण्याचा अनुभव असल्याखेरीज तसे वर्णन लिहिले जाणे कठीण होते.

जळगावलगतचे असोदा हे गाव बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून सर्वश्रुत आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. कापसाच्या व केळीच्या या पट्ट्यात वेचणी, निंदणी यांसारखी कामे कंबरेतून पुढे वाकूनच केली जातात. दिवसभर पुढे वाकणाऱ्या पाठीला उलट दिशेचा ताण हवाहवासा वाटतो, हे सांगण्यास शास्त्राची आवश्यकता नाही. परंतु तो ताण कोणत्या आसनाने द्यावयाचा हे ठरविताना चूक झाली, तर आराम मिळण्याऐवजी दुखणेच वाढण्याचा संभव असतो. अनुभवी योगशिक्षक प्रत्येक गावात नसतो. पुस्तक किंवा तक्ता हाच अनेकांचा गुरू असतो, आणि म्हणूनच पुस्तकातील शब्दांची काटेकोर तपासणी आवश्यक ठरते.

नाभी, जघनास्थी आणि पायाची बोटे

‘घेरंडसंहिते’च्या दुसऱ्या उपदेशात बत्तीस आसने सांगितली आहेत. त्यांत भुजंगासनाचे लक्षण अत्यंत थोडक्या शब्दांत येते : पायाच्या अंगठ्यापासून नाभीपर्यंतचा भाग भूमीवर ठेवावा, तळहात भूमीवर टेकावेत व सर्पाप्रमाणे मस्तक वर उचलावे. या वर्णनात एक सीमा स्पष्टपणे आखून दिली आहे, ती म्हणजे नाभी. शरीर किती उंच उचलावे याचे उत्तर ग्रंथकार उंचीच्या मापाने देत नाही. काय जमिनीवर राहावे, हे सांगून देतो. या लहानशा युक्तीचे महत्त्व पुढील काळातील पुष्कळ लेखकांच्या ध्यानी आलेले दिसत नाही.

कुवलयानंदांनी ही सीमा जपली आहे. त्यांच्या पद्धतीत अभ्यासक पालथा पडतो, कपाळ जमिनीस टेकवितो आणि तळहात छातीच्या दोन्ही बाजूंस ठेवतो. प्रथम मान मागे वळते, मग छाती उचलली जाते, आणि ही क्रिया पाठीच्या स्नायूंनी, एकामागून एक मणका वाकवीत करावयाची असते. हातांवर भार जवळजवळ पडू द्यावयाचा नसतो. ताण मानेकडून कंबरेकडे हळूहळू उतरत असल्याची जाणीव अभ्यासकाला व्हावी, यावर त्यांचा विशेष भर आहे. त्यांचे भुजंगासन दिसावयास काहीसे ठेंगणे असते. छायाचित्रात ते फारसे आकर्षक वाटत नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

अय्यंगारांच्या ग्रंथातील भुजंगासनाचा पहिला प्रकार याहून निराळा आहे. येथे तळहात ओटीपोटाच्या बाजूंस येतात, ते जमिनीवर दाबून धड वर ओढले जाते, हात सरळ होतात आणि केवळ जघनास्थीपर्यंतचा भाग जमिनीस टेकलेला राहतो. नाभी जमिनीवरून सुटते. ‘घेरंडसंहिते’ची कसोटी काटेकोरपणे लावली तर ही आकृती मूळ लक्षणाची मर्यादा ओलांडते. हा दोष आहे असे नव्हे. परंपरेत आसनांचा विकास होतच असतो. तथापि एकच नाव कायम ठेवून सीमा बदलली आहे, याची सूचना वाचकास मिळत नाही.

त्याच ग्रंथातील ऊर्ध्वमुख श्वानासनात तळहात व पायाची बोटे एवढेच जमिनीवर असतात. गुडघे व मांड्या अधांतरी राहतात. म्हणजे नाभी, जघनास्थी आणि पायाची बोटे अशी तीन स्थानके तयार होतात. भूमीचा स्पर्श जसजसा खाली सरकतो तसतसे आसन बदलते, आणि त्याबरोबर श्रमाचे केंद्रही बदलते. पहिल्यात पाठीचे स्नायू शरीर उचलतात. दुसऱ्यात बाहू उचलतात आणि पाठ बरीचशी ओढली जाते. तिसऱ्यात बाहूंच्या जोडीस मांड्या व नितंब यांना सतत ताठ राहावे लागते, अन्यथा सगळा भार कंबरेच्या खालच्या मणक्यांवर लोंबकळतो. नवख्या अभ्यासकाच्या बाबतीत नेमके हेच घडते. श्वानासन करीत असताना त्याचे गुडघे जमिनीवर उतरतात, मांड्या सैल पडतात, पण हात सरळच राहतात. अशी आकृती धड भुजंगासनही नसते व श्वानासनही नसते, आणि तीत कंबर सर्वाधिक दुमडते.

येथे एका पाश्चात्त्य उदाहरणाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकापासून विकसित केलेल्या उपचारपद्धतीत पालथे पडून हातांच्या जोरावर छाती उचलण्याचा एक व्यायाम आहे. त्यात पाठीचे स्नायू जाणीवपूर्वक सैल सोडावयाचे असतात. छायाचित्रावरून पाहता तो व्यायाम आणि हात सरळ केलेले भुजंगासन यांत भेद करणे अवघड आहे. स्नायूंच्या कार्याच्या दृष्टीने मात्र तो कुवलयानंदांच्या भुजंगासनाच्या नेमका उलट आहे. आकृतीवरून आसन ओळखण्याच्या पद्धतीची मर्यादा दाखविण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे.

सर्पासनाचे उदाहरणही याच मालिकेत येते. मुंगेरच्या परंपरेत सर्पासनात हात पाठीमागे गुंफलेले असतात व छाती केवळ पाठीच्या बळावर उचलली जाते. नावाचा अर्थ पाहिला तर भुजंग आणि सर्प यांत काहीच अंतर नाही. कोशाच्या आधारे भेद शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती काही लागणार नाही. तळहात जमिनीवर आहेत की नाहीत, एवढेच त्याने पाहिले तर प्रश्न सुटतो.

सूर्यनमस्कार आणि दंड

महाराष्ट्रात भुजंगासन व ऊर्ध्वमुख श्वानासन यांची सरमिसळ होण्याचे एक मोठे कारण सूर्यनमस्कार हे आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या प्रचाराने व १९२८ च्या पुस्तकाने सूर्यनमस्कार शाळाशाळांत पोहोचले. आज प्रचलित असलेल्या बारा अंकांच्या क्रमात साष्टांग स्थितीनंतर छाती वर उचलण्याची स्थिती येते. बहुतेक तक्त्यांत तिला भुजंगासन म्हटलेले असते. मैसूर परंपरेतून आलेल्या पद्धतींत त्याच जागी ऊर्ध्वमुख श्वानासन केले जाते. जलद गतीने नमस्कार घालताना नाभी जमिनीवर ठेवून मणका मणका उचलणे शक्यच नसते. तेथे हातांनी ढकलूनच छाती वर येते. विद्यार्थी हीच हालचाल शेकडो वेळा करतो, आणि पुढे परीक्षेत ‘भुजंगासन’ असा शब्द ऐकला की तीच करून दाखवितो. यात विद्यार्थ्याचा दोष नाही. गतीमध्ये शिकविलेली स्थिती आणि स्थैर्यात धरावयाचे आसन यांना एकच नाव देण्याचा हा परिणाम आहे.

याहूनही जुना धागा तालमीचा आहे. खानदेशात आखाड्यांची परंपरा सर्वपरिचित आहे. जोर काढणारा मल्ल छाती जमिनीलगत नेऊन पुढे काढतो आणि हात सरळ करून मस्तक वर करतो, त्या क्षणी त्याच्या मांड्या अधांतरी असतात. ऊर्ध्वमुख श्वानासनाची आकृती हीच होय. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात हस्तलिखित असलेल्या ‘हठाभ्यासपद्धति’ या ग्रंथाचा अलीकडे जेसन बर्च व मार्क सिंगलटन यांनी विशेष अभ्यास केला आहे. त्यात पालथ्या स्थितीतून नितंब उचलून नाक जमिनीलगत नेण्याची, पुन्हा पुन्हा करावयाची एक क्रिया ‘गजासन’ या नावाने येते. दंडाशी तिचे साम्य उघड आहे. जी क्रिया एका ठिकाणी गज, दुसऱ्या ठिकाणी श्वान आणि तालमीत नुसता जोर म्हणून ओळखली जाते, तिची ओळख नावावर सोपविणे कितपत इष्ट आहे, याचा विचार व्हावा.

या हस्तलिखिताची आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. त्यातील ११२ आसने उताणी, पालथी, स्थिर, उभी, दोरीची अशा गटांत लावली आहेत. प्राण्यांच्या नावांपेक्षा शरीराच्या आरंभस्थितीला येथे अग्रस्थान मिळाले आहे. दोनशेच्या आसपास आसने आणि सहाशेच्या जवळपास छायाचित्रे असलेल्या अय्यंगारांच्या विशाल ग्रंथात आसनांचा क्रम सामान्यतः सुलभतेकडून काठिण्याकडे जातो, त्यामुळे परस्परांशी साम्य असलेली आसने दूरदूर विखुरतात. तुलना करू इच्छिणाऱ्या वाचकास पाने मागेपुढे उलटीत राहावे लागते.

एक नाव, अनेक आकृती

परिभाषेच्या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण शलभासनाचे आहे. ‘घेरंडसंहिते’त पालथे पडून तळहात छातीजवळ ठेवावेत व पाय एक वीत वर उचलावेत असे सांगितले आहे. कुवलयानंदांच्या पद्धतीत हात शरीरालगत येतात, मुठी वळतात, हनुवटी जमिनीवरच राहते व पाय उचलले जातात. नवशिक्यासाठी एकेक पाय उचलण्याचे अर्धशलभासनही ते देतात. अय्यंगारांच्या शलभासनात छाती आणि पाय दोन्ही एकाच वेळी वर जातात, हात मागे ताणलेले राहतात आणि केवळ पोट जमिनीवर टेकते. पहिल्या दोन रूपांत शरीराचे खालचे टोक उचलले जाते, तिसऱ्यात दोन्ही टोके. एका परीक्षकाने लोणावळ्याचे पुस्तक वाचलेले असेल आणि विद्यार्थ्याने पुण्याचे, तर दोघेही बरोबर असूनही विद्यार्थ्याचे गुण जाणार.

मकरासनाची कथा तर अधिक विलक्षण आहे. ‘घेरंडसंहिते’त पालथे पडून, पाय पसरून, दोन्ही हातांनी मस्तक धरावे एवढेच सांगितले आहे. शासनाच्या सामान्य योग अभ्यासक्रमात मकरासन हे पालथ्या स्थितीतील विश्रांतीचे आसन आहे. अय्यंगारांनी मात्र शलभासनाचाच एक प्रकार म्हणून ते दिले असून त्यात हात डोक्यामागे गुंफलेले, छाती वर व पाय वर अशी श्रमाची स्थिती आहे. मूळ लक्षणात छाती भूमीवर असल्याने विश्रांतीचा अर्थ आकृतीला जवळचा वाटतो. पण त्याच श्लोकात देहातील अग्नी वाढविण्याचे फळ सांगितले आहे आणि ते विश्रांतीशी सहजी जुळत नाही. दोन्ही बाजूंना थोडाथोडा आधार आहे. प्रत्येक लेखक आपापला अर्थ एकमेव असल्यासारखा मांडतो, ही गोष्ट मात्र समर्थनीय नाही.

धनुरासनाबाबत ‘हठप्रदीपिका’ व प्रचलित अर्थ यांत तर दिशेचाच विरोध आहे. ‘हठप्रदीपिके’त पायाचे अंगठे हातांनी धरून धनुष्याप्रमाणे कानापर्यंत ओढावयाचे आहेत, ही बसून करावयाची स्थिती असून आज ती आकर्ण धनुरासन म्हणून ओळखली जाते. तीत पाठीची कमान नाहीच. पालथे पडून घोटे धरण्याचे आजचे धनुरासन हे ‘घेरंडसंहिते’तील उष्ट्रासनाशी अधिक मिळतेजुळते आहे, कारण तेथे पालथे पडून पाय पाठीवर दुमडावेत व हातांनी धरावेत असे म्हटले आहे. गुडघ्यांवर उभे राहून मागे वाकण्याचे आजचे उष्ट्रासन त्या श्लोकातून निघत नाही. धनुरासन व उष्ट्रासन यांना ‘बहिणी’ म्हणण्याची शिक्षकांत रीत आहे. ते नाते आकृतीपुरते खरे आहे. धनुरासनात पाय सरळ होऊ पाहतात आणि हात प्रत्यंचेसारखे ताणले जाऊन छाती उचलतात. उष्ट्रासनात शरीराला मागे खेचते ते गुरुत्वाकर्षण, व मांडीच्या पुढच्या स्नायूंना ते थोपवून धरावे लागते. एकात वर चढणे आहे, दुसऱ्यात सावकाश उतरणे.

चक्रासनाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. लोणावळ्याच्या वर्गात ते उभ्याने बाजूस वाकणे आहे, अय्यंगारांच्या ग्रंथात मागे कोलांटी घेणे, आणि लोकव्यवहारात हातपायांवर उलटी कमान, जिला अय्यंगार ऊर्ध्व धनुरासन म्हणतात.

फलश्रुतीचा दोष

साम्य असलेल्या आसनांतील सीमारेषा पुसट होण्यास आसनांचे ‘लाभ’ सांगणारे परिच्छेदही तितकेच कारणीभूत आहेत. भुजंगासन, श्वानासन, शलभासन व धनुरासन यांच्या लाभांची यादी कोणत्याही लोकप्रिय मराठी पुस्तकातून काढून शेजारी ठेवली तर ती जवळपास एकच असल्याचे दिसते : पाठीचा कणा लवचीक होतो, पचन सुधारते, कंबरदुखी जाते. अय्यंगारांसारख्या सूक्ष्मदर्शी ग्रंथकारानेही भुजंगासनाने मणक्यांमधील किंचित सरकलेली चकती मूळ जागी येते असे विधान केले आहे. ते आज इतक्या निःसंदिग्ध स्वरूपात स्वीकारता येणार नाही. चकतीच्या काही तक्रारींत मागे वाकल्याने आराम पडतो हे खरे. पण कण्यातील मज्जारज्जूचा मार्ग अरुंद झालेल्या किंवा मणका पुढे घसरलेल्या रुग्णास मागे वाकणेच त्रासदायक होऊ शकते. लाभांची यादी सर्वत्र सारखी राहिली की ‘हे नाही जमले तर ते करा’ अशी वृत्ती बळावते, आणि भुजंगासनाच्या जागी श्वानासन करणे निरुपद्रवी वाटू लागते.

कुवलयानंदांचे वेगळेपण येथे पुन्हा जाणवते. १९२४ पासून ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून त्यांनी यौगिक क्रियांचे क्ष-किरण व दाबमापन यांच्या साहाय्याने परीक्षण मांडले. त्यांची सर्व अनुमाने आजच्या निकषांवर टिकतीलच असे नाही. पण लाभ सांगण्यापूर्वी शरीरात काय घडते हे पाहावे, हा त्यांचा आग्रह आसनांतील भेद ओळखण्यासही उपकारक ठरतो. छायाचित्रांच्या बाबतीत अय्यंगारांचा ग्रंथ त्यांच्या फार पुढे आहे, यातही शंका नाही. एकाच आसनाचे अनेक टप्पे इतक्या स्वच्छपणे दाखविणारा दुसरा ग्रंथ त्या काळी नव्हता. शब्दांत लोणावळा व चित्रांत पुणे, असा हा विभाग आहे.

वर्णनासाठी काही कसोट्या

वरील तुलनेवरून, शिक्षकाला किंवा परीक्षकाला साम्य असलेल्या आसनांत निवाडा करावयाचा असेल तर त्याने प्रथम जमिनीस कोणता अवयव टेकला आहे हे पाहावे. हा निकष सर्वांत जुना, सर्वांत सोपा आणि दुरूनही दिसणारा आहे. त्यानंतर शरीर कोण उचलीत आहे, हे तपासावे. भुजंगासनातील विद्यार्थ्यास क्षणभर तळहात जमिनीपासून बोटभर उचलण्यास सांगितले की उत्तर मिळते : छाती तशीच राहिली तर पाठ काम करीत होती, खाली आली तर हात. मानेची दिशा हाही एक सूक्ष्म निकष आहे. भुजंगासनात मान कण्याबरोबर मागे जाते. उताण्या स्थितीत पाय दुमडून कंबर उचलण्याच्या सेतुबंधासनात कणा मागे वाकतो, पण हनुवटी छातीकडे येते. दोन्ही पाठीच्या कमानीची आसने म्हणून एकाच रकान्यात लिहिली जातात. मानेच्या मणक्यांचा विकार असलेल्या व्यक्तीला मात्र ती सारखी नाहीत.

सेतुबंधासनाचे नाव तर विशेष सावधगिरीने वापरावयास हवे. सामान्य योग अभ्यासक्रमात ते खांदे व पाऊल यांवर तोललेले, बहुतेकांना जमणारे आसन आहे. ‘योगदीपिके’त मात्र सेतुबंध सर्वांगासन आणि सेतुबंधासन ही दोन स्वतंत्र आसने आहेत. दुसऱ्यात हात छातीवर घडी केलेले असून शरीराचा भार टाळू व पाऊल यांवर, म्हणजे पर्यायाने मानेवर येतो. योगदिनाच्या शिबिरात ‘सेतुबंधासन’ हे नाव ऐकून आलेला एखादा विद्यार्थी गावच्या वाचनालयात त्याच नावाचे पान उघडेल, तर त्याच्यासमोर हे दुसरे चित्र येईल. निदान शालेय तक्ते व प्रात्यक्षिक परीक्षेच्या सूचना यांत नावाखाली कंसात ‘खांदे जमिनीवर’ आणि भुजंगासनाखाली ‘नाभी जमिनीवर’ एवढे दोन-दोन शब्द छापण्यास जागा निश्चितच आहे.